मोठा न झालेला थेंब

मी ढगातला एक जुना थेंब आहे. जुना म्हणजे, मित्रांनो, आज सकाळचाच. पण आमच्यात एवढे कुणी टिकत नाही.

चिंचणीच्या समुद्रावर उडालेल्या मिठाच्या एका कणाला वाफ चिकटली आणि मी जन्मलो. आधी भराभर वाढलो, मग वाढ खुंटली. वाफ थोडी आणि वाटेकरी कोट्यवधी. आता मोठे व्हायचे तर दुसऱ्या थेंबात मिसळायला हवे होते. पण आम्ही सारे एकाच मापाचे, एकाच संथ गतीने खाली सरकणारे. शेजारी समोर दिसे, गाठ मात्र पडत नसे. फार वैताग येई.

वाऱ्याने आमचा ढग झरीच्या टेकडीला आणून टेकवला. उतारावर बायजी आणि तिचा मुलगा सुदाम भाताच्या रोपांपाशी उभे होते. पावसाने दडी मारली होती. रोपे पिवळी पडली होती.

"ढग अंगावर आला तरी पडत नाय," सुदाम चिडून म्हणाला. "आये, ही रोपं उपटून गुरांना घालू. मी उद्यापासून कंपनीत जातो."

"आणि लावणी कोण करील? सांजपर्यंत थांब ना."

"ढगाला काय पडलीय तुझी?"

मला पडली होती! मी पाणीच होतो, पण इतका बारीक की हवेतच तरंगत होतो.

दुपारी खालची जमीन तापली. गरम हवा ढगात घुसली आणि भोवरे उठले. त्या घुसळणीला मी शिव्याच घातल्या. पण तिनेच आम्हाला भिरकावून कुठे दाटीवाटीने जमवले, कुणाला वेगात ढकलले, कुणाला हळू. टकरा होऊ लागल्या. शेजारचा थेंब दुसऱ्यात मिसळला, जड झाला आणि वाटेतल्यांना पोटात घेत खाली सुटला. मीही त्याच्या वाटेत होतो. पण त्याच्यापुढे सरकणाऱ्या हवेने मला अलगद बाजूला ढकलले.

खाली एक सर पडली.

"एवढीच?" सुदाम म्हणाला.

"रोपं तगतील एवढ्यानं. तू जाऊ नको, बाबा."

सुदाम फावडे घेऊन फुटका बांध लिंपायला लागला.

मी अजून वरच आहे. भोवरे शमले, ढग गुजरातच्या हद्दीकडे निघाला आहे आणि कडेच्या कोरड्या हवेत मी आटतो आहे. मित्रांनो, न बरसता गेलेल्या ढगाला कंजूष म्हणू नका. आणि खाली पोचलेला थेंब वाहून जाऊ देऊ नका. तिथवर पोचायला आम्ही किती तडफडतो, ते तुम्हाला खालून दिसत नाही.