अक्षरं सोडून सगळं

"माझं काही जाणार नाही ना?" हा एकच प्रश्न मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणिकप्पाला इतक्यांदा विचारला की शेवटी तो कावला. शर्टाच्या आत हात घालून गळ्यातल्या इष्टलिंगाला स्पर्श करून म्हणाला, "मॅडम, एक फाईल बी हलणार न्हाई. आता तरी इस्वास ठेवा."

माणिकप्पा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आईच्या ओव्या होत्या. आई, म्हणजे पारूबाई, शाळेची पायरी कधी चढली नाही. पण जात्यावर बसली की ओवीला ओवी जोडत जायची. बाबासाहेबांवरच्या, तिच्या मायवरच्या, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना रचलेल्या. मी उदगीरला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. सुट्टीच्या दिवशी आईला शेजारी खुर्चीवर बसवायचं, तिनं म्हणायचं आणि मी थेट टाइप करायचं, असं आमचं कैक वर्षं चाललं. आधी कागदावर उतरवा, मग टाइप करा, हा दुहेरी उद्योग कुणी सांगितलाय? तो मी केला नाही.

आता आईचं वय झालंय. जेवून हात धुतले की विचारते, "मी जेवले का गं?" निम्म्या ओव्या तिला आठवत नाहीत. कधी सुरुवात येते, शेवट येत नाही. म्हणजे सगळ्या ओव्या धड अशा एकाच ठिकाणी उरल्या होत्या. त्यांचं पुस्तक करून यंदाच्या चौदा एप्रिलला आईच्या हातात द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती. पुढच्या जयंतीपर्यंत तिला ते पुस्तक कुणाचं आहे हे तरी कळेल का, कोण जाणे.

लातूरच्या छापखान्यातले भुजंगराव फोनवर म्हणाले, "ताई, तुमची फाईल हितं उघडंना. तुमची विंडोज लई जुनी हाय. नवी टाकून घ्या, मग पाठवा." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हे. पण तेव्हा मला काय कळतंय? ज्याच्या शहराला रेल्वेनं पाणी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या, छपाईच्या प्लेटा धुवायला पाणी नाही म्हणून ज्याचं मशीन बंद होतं, त्या माणसाचा सल्ला मी शिरसावंद्य मानला.

मी काही अगदीच अडाणी नाही. मागं एकदा शाळेच्या कॉम्प्युटरचं फॉरमॅट मारताना सगळ्या स्नेहसंमेलनांचे फोटो उडाले होते. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून यंदा ताक फुंकून प्यायचं ठरवलं. सी ड्राइव्हमधलं जातं आणि डीमधलं राहतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी फाईल डीमध्ये टाकली. पेन ड्राइव्हवर घेतली, सीडीवर घेतली, वर शाळेतल्या एका बाईंच्या लॅपटॉपमध्येही ठेवून आले. त्या हसल्या. म्हटलं, हसा.

मग माणिकप्पाची वाट पाहणं. एक दिवस उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून गाव बंद. जिल्हा व्हायचा तेव्हा होईल, माझं काम मात्र त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीत टँकर येणार होता, म्हणून तो घर सोडेना; तो टँकर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तो एकदाचा उगवला, काम सुरू केलं आणि पडद्यावर टक्के चढायला लागले तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन.

"बंदे, बंदे," करत तो उठलाच. "आलोच म्हणून सांगून राहिलो तिला. मॅडम, टँकर आलाय. टक्के चढून राहिलेत, चढू द्या. बंद तेवढं करू नका."

"आणि लाइट गेली तर?"

"इन्व्हर्टर हाय की," म्हणून तो पसार.

लाइट गेली. जाणारच होती. इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला आणि मी पडद्यासमोर हात जोडून बसले. त्याच वेळी आमच्याही गल्लीत टँकर आला. बाहेर घागरींचा दणदणाट, बायांची भांडणं, आणि आई दारातून ओरडतेय, "पंचे, पाणी आलंय गं! ऊठ की!" मी उठले नाही. खुर्ची सोडली आणि तेवढ्यात काही झालं तर? शेजारणीनं दया येऊन दोन घागरी दिल्या. त्या आठवड्याचं आमचं पाणी म्हणजे तेवढंच.

माणिकप्पा ओल्या पँटनं परत आला तेव्हा काम झालं होतं. त्यानं एकेक उघडून दाखवलं. फोटो होते, शाळेचे निकाल होते, भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओही होता. ओव्यांची फाईल आपल्या जागी होती. डीमध्ये तर होतीच. मला इतकं हलकं वाटलं की त्या दोन घागरींतल्या पाण्याचा मी त्याला चहा केला.

"आणि मॅडम, जुनी विंडोज उगी पडून होती, तीबी उडवली," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "लई जागा खाऊन राहिली होती."

तो गेल्यावर मी ओव्यांची फाईल उघडली.

पडद्यावर काय होतं ते सांगायलाही मला लाज वाटते. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं. टोपी घातलेला ए. पौंडाची खूण, उलटा स्वल्पविराम, मधेच एकटा कंस. पानामागून पान तेच. पेन ड्राइव्ह लावला, तेच. सीडी घातली, तेच. शाळेतल्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "हो, माझ्याकडंही असंच दिसतंय. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम कुलूप लावून ठेवलंय."

माणिकप्पाला परत बोलावलं. त्यानं डोकं खाजवलं, फाईलवर दोनदा टिचक्या मारल्या.

"फाईल तर हाय, मॅडम. साइज बी तेवढीच हाय."

"साइज घेऊन काय करू? वाच ना! एक ओळ वाचून दाखव."

मग हळूहळू उलगडा झाला. मी टाइप करत होते तो मराठीचा प्रोग्रॅम औरंगाबादच्या एका छोट्या कंपनीचा. त्याची अक्षरं त्याच्यापाशीच. दुसऱ्या कुणाला ती ओळखू येत नाहीत. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला काडेपेटीएवढं एक कुलूप, डाँगल म्हणतात ते, खोचायचं, तेव्हा तो चालायचा. नवी विंडोज त्या कुलपाला ओळखही दाखवेना. सीडी मागावी तर कंपनीचा माणूस प्रोग्रॅम बसवून सीडी परत घेऊन गेला होता, आणि कंपनी कधीच बंद पडली होती. जुनी विंडोज पुन्हा टाकली तरी तो प्रोग्रॅम आणायचा कुठून? माणिकप्पानं त्याच्या दुकानातले सगळे मराठी फॉन्ट लावून पाहिले. एकात नुसत्या वेलांट्या लटकल्या. एकात काने उभे राहिले, पिकं कापून नेलेल्या रानातल्या धसकटांसारखे. मी फाईल चार ठिकाणी जपली होती. अक्षरं कुठंच जपली नव्हती. अक्षरंसुद्धा जपायची असतात, हे मला कुणी सांगितलं होतं?

मी माणिकप्पावर तोंडसुख घेतलं. नको ते बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला, आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मी डाटा जाणार न्हाई म्हणलो होतो, मॅडम. डाटा हाय." त्याचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी संताप आला.

दुपारी आई जराशी पडून उठली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं. काय झालं ते सांगितलं नाही. पडद्यावर ती फाईल उघडी होती आणि या खेपेला माझ्या हातात वही होती.

"आई, ओव्या म्हण. पहिल्यापासनं."

"परत?" ती म्हणाली. "म्हणल्यात की समद्या. त्येच्यात हायत न्हवं?"

"परत म्हण. मला ऐकायच्यात."

तिनं पडद्याकडं बघून पदर सारखा केला, तसा ती नेहमीच करायची, आणि सूर लावला.

"खडी फोडीते बाई, हाताला आले फोड..."

तिथं थांबली. ओठ हलले, पण पुढं काही येईना. आणि माझ्याच तोंडून निघालं,

"माझ्या गं पंचीला, शाळेची लागो ओढ."

"हाव! हीच!" आई टाळी वाजवून हसली. मीही हसले. भराभर लिहून घेतलं. वाटलं, जमतंय की. तिनं अर्धी म्हणायची, मी अर्धी पुरी करायची. सगळं परत येईल.

आईनं दुसरी धरली. तिच्या मायवरची, मी कधी न पाहिलेल्या माझ्या आजीवरची.

"माय माझी चांगुणा, गेली उमरीच्या वाटं..."

आणि पुन्हा थांबली. माझ्याकडं बघत राहिली.

मला आठवेना. मघाची माझ्यावरची होती, लहानपणापासून ऐकलेली, ती मला पाठ होती. ही मी कधीतरी एकदाच टाइप केली होती आणि आता ठेवली नीट म्हणून सोडून दिली होती. चांगुणा उमरीच्या वाटेला का गेली, परत आली की नाही, काही आठवेना. आई वाट बघत होती. मी पेन धरून नुसती बसले.

"फुडं काय गं?" आई म्हणाली.

मी मघाचीच ओवी वहीत परत गिरवली.

"आगं, बघ की तितं." तिनं पडद्याकडं बोट केलं. "तूच लिव्हलीस न्हवं? हाय की समदं जसंच्या तसं. वाच."

त्या टोप्यांकडं आणि टिंबांकडं मी पाहिलं.

"आई, मला वाचता येईना."

तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. माझा हात तिनं हातात घेतला.

"तुला बी?" आई म्हणाली.