काशीबाईचे खाडीतले बूट

डाव्या पायाची करंगळी काढल्यानंतर पेणच्या डॉक्टरांनी काशीबाईला दोन गोष्टी सांगितल्या. साखर ताब्यात ठेवायची आणि खाडीत अनवाणी जायचं नाही. पहिल्या गोष्टीला काशीबाईने मान हलवली. दुसरीवर थोडा विचार करून तिने विचारलं, "आन पायात कायतरी घालून गेली तर?"

डॉक्टरांना असा प्रश्न आधी कोणी विचारला नसावा. "काय घालून?" ते म्हणाले.

"ते मी बघीन."

काशीबाई अठ्ठावन्न वर्षांची होती. खारेपाटातल्या त्या गावात लग्न होऊन आल्यापासून ती सुकतीच्या वेळी खाडीत उतरत होती. पाणी ओसरलं की चिखलात शिरायचं, बिळात हात घालून चिंबोऱ्या काढायच्या, निवट्या ही चिखलातली मासळी पकडायची, घरापुरतं ठेवून बाकीचं पेणच्या बाजारात न्यायचं. नवरा मिठागरावर होता तेव्हाही ती जायची, तो वारल्यावरही जात राहिली. मुलगा प्रणित रोह्याला कंपनीत लागला, घरात पगार यायला लागला, तरी तिचं जाणं थांबलं नाही. मग कालवाच्या शिंपीने करंगळीला कापलं. तिने हळद भरून फडकं बांधलं, आणि दहा दिवसांनी बोट काळं पडलं.

जखम भरल्यावर प्रणितने पेणच्या बाजारातून गमबूट आणले. काशीबाई ते घालून तीन दिवस गेली. चिखल गुडघ्यापर्यंत, बूट नडगीपर्यंत, त्यामुळे पाणी वरून आत शिरायचं आणि ती दोन्ही पायांत खाडीच घेऊन चालायची. तिसऱ्या दिवशी सून पूजाने अंगणात तिचा बूट ओढून काढला, तर आतून गढूळ पाण्याबरोबर लाल पाणी आलं. टाचेखाली शिंपीचा तुकडा होता, अंगठ्याच्या नखाएवढा.

"आई, हा कधीपासून आत होता?"

काशीबाईने तुकडा हातात घेऊन पाहिला. "काय म्हायत," ती म्हणाली.

ती टाच भरायला महिना लागला. गमबूट पूजाने धुऊन शेजारच्या इंदुबाईला देऊन टाकले. काशीबाई ओट्यावर बसू लागली. तिने तक्रार केली नाही. फक्त सुकतीच्या वेळेला बायका टोपल्या घेऊन समोरून गेल्या की ती उठून घरात जायची.

एकदा जेवताना प्रणित म्हणाला की कंपनीत सांडपाण्याची टाकी साफ करणारी माणसं छातीपर्यंतची रबरी विजार घालतात. तिला खाली बूट जोडलेलेच असतात, पाण्याचा थेंब आत जात नाही. ती रोह्याच्या एका दुकानात मिळते. काशीबाईने हातातला घास ताटात ठेवला. "दुकान कुठं हाय?" तिने विचारलं.

पूजा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघी सकाळच्या गाडीने रोह्याला गेल्या.

दुकान हेल्मेटं, हातमोजे, पट्टे आणि बूट यांनी भरलेलं होतं. मालक दत्तात्रेय पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. कंपनीतल्या टाकीसाठी नको, खाडीत चिंबोऱ्या धरायला हवंय, हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि काशीबाईकडे नीट बघून घेतलं.

"किती खोल जाता, काकी?"

"मांडीपर्यंत. कधी कमरंपर्यंत."

"खाली दगड की चिखल?"

"चिखल. मधी मधी कालवं."

त्यांनी दोन प्रकार काढून बाकावर ठेवले. एक जाड, हिरवी विजार, बूट जोडलेली. "याला वेडर म्हणतात. तळ्यात जिताडा मासे पाळणारे हीच नेतात. पाय घातला की झालं." दुसरी पातळ आणि हलकी होती. तिच्या पायांच्या टोकाला बूट नव्हते, जाड रबराचे मोजे होते. त्यावर घोट्यापर्यंतचे, नाडी बांधायचे वेगळे बूट घालायचे. "कोलाडला गळ टाकायला मुंबईची माणसं येतात, त्यांच्यासाठी मागवले होते. तीन जोड उरलेत. सात, आठ आणि नऊ नंबर."

"जोडलेलीच बरी ना, आई?" पूजा म्हणाली. "नाडीची भानगड नाय."

काशीबाईने लुगडं वर खोचलं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन हिरवी विजार चढवली. लुगड्याचा बोंगा आत मावेना. ती बाहेर आली तेव्हा पोटाशी गाठोडं बांधल्यासारखी दिसत होती. दत्तात्रेय दुसरीकडे बघायला लागले. काशीबाई दुकानात इकडून तिकडे चालली.

"कुठं लागतंय का?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"नाय."

मग तिने नाडीचे बूट घालून पाहिले. सात नंबर. "लागतंय?" "नाय." आठ. "नाय." नऊ. "नाय लागत."

"तिन्ही कसे बसतील, काकी? सात घट्ट असेल नाहीतर नऊ ढिला असेल."

काशीबाई बाकावर बसली. "भाऊ, मला काय कळत नाय," ती म्हणाली. "पायाला कळतच नाय कायपण."

"बोट काढल्यापासनं?" पूजाने विचारलं.

"त्याच्या आधीपासनं. दोन वरसं झाली. चिखल गार हाय का ऊन, ते पन नाय कळत. मी हातानं चाचपत चालते."

पूजाला हे माहीत नव्हतं. प्रणितलाही नव्हतं. बोट गेलं तेव्हा नस गेली असेल, म्हणून आता कळत नाही, असं दोघं धरून चालले होते. दोन वर्षं ही बाई काय तुडवतेय हे न कळता खाडीत जात होती, आणि घरात कोणाला बोलली नव्हती.

"सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

पूजा खाली बसली आणि तिने सासूचा पाय हातात घेतला. चाळीस वर्षं चिखलात पसरलेला पाय, पुढे पंख्यासारखा रुंद. तिने तिन्ही बुटांच्या आतल्या गाद्या बाहेर काढायला लावल्या, जमिनीवर मांडल्या आणि काशीबाईला एकेका गादीवर उभं केलं. सात नंबरवरून बोटं दोन्ही बाजूंनी बाहेर येत होती. आठवर पाय कडेला कड बसत होता. नऊवर पुढे दोन बोटं जागा उरत होती. मग आठ नंबरचे बूट विजारीच्या जाड मोज्यांवर घालून तिने काशीबाईला वीस मिनिटं चालायला लावलं. दुकानाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आणि परत. नंतर बूट काढून तिने पाय सगळीकडून दाबून पाहिला. काळ्या कातडीवर लाली दिसत नव्हती, म्हणून ती बोटांनी ऊब शोधत होती. टाचेच्या मागे एक जागा गरम लागली. दत्तात्रेयांनी आतून घालायला साधे मोजे दिले. पुन्हा वीस मिनिटं. या वेळी कुठे गरम लागलं नाही.

"पायाला बसले," पूजा म्हणाली. "पण चिखलात कुठले चांगले, ते तुम्ही सांगा."

"ते हितं बसून कसं सांगू?" काशीबाई म्हणाली. "चिखल हाय का कुठं जवळ?"

जेवणाची वेळ झाली होती. दत्तात्रेयांनी शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही विजारी आणि नाडीचे बूट खांद्यावर टाकून ते त्यांना कुंडलिकेच्या काठी घेऊन गेले. घाटाच्या खालच्या अंगाला गाळ होता. काशीबाई आधी हिरवी विजार घालून उतरली. चार पावलं बरी गेली. पाचव्या पावलाला गाळाने बूट धरला. तिने नेहमीच्या सवयीने टाच आधी सोडवून पाय आडवा केला, तर पाय आतल्या आत बुटातून वर आला आणि बूट खालीच राहिला. ती मागे गाळातच बसली. दत्तात्रेय आणि पूजा, दोघांनी मिळून तिला ओढून काढलं.

मग नाडीचे बूट. पूजाने नाडी ओढून बांधली. काशीबाई त्याच जागी गेली, टाच सोडवली, पाय आडवा केला. बूट पायाबरोबर बाहेर आला. ती वळली आणि पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती गेली.

"हे," काठावर येऊन ती म्हणाली.

दत्तात्रेयांनी विजारीवर एक रुंद पट्टा दिला आणि तो छातीखाली कसा आवळायचा ते दाखवलं. "हा सोडायचा नाही. पडलात आणि वरून पाणी भरलं, तर उठता येणार नाही." काशीबाईने पट्टा दोनदा बांधून सोडून पाहिला.

घरी आल्यावर अडचण कळली. ती विजार घालून काशीबाईला पायापर्यंत वाकता येत नव्हतं, आणि नाडी किती आवळली हे तिच्या पायाला कळत नव्हतं. नाडी पूजाने बांधायची आणि पूजानेच सोडायची, याला दुसरा उपाय नव्हता. खाडीचं पाणी रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. कारखान्याची वेळ सरकत नाही. पंधरवड्यात जेमतेम पाच-सहा दिवस असे निघायचे, की सुकती पहाटे नाहीतर संध्याकाळी पडते आणि पूजा घरी असते. आजवर काशीबाई कोणाला न विचारता टोपली उचलायची. आता ती सुनेला विचारायची, "उद्या तुला जमंल का गो?"

पहिल्या दिवशी बायका हसल्या. प्रणितची जुनी ट्रॅकपँट, तिच्यावर ती विजार, कमरेला कोयता आणि टोपली. "काशे, चंद्रावर चाललीस का?" इंदुबाई ओरडली. काशीबाई चिखलात उतरली. दीड तासाने चार चिंबोऱ्या घेऊन वर आली. बांधावर पूजाने नाडी सोडली, विजार आणि मोजे काढले, पाय पुसून कोरडे केले, दाबून पाहिले. काही नव्हतं. दिवाळीनंतर दोन महिने असंच चाललं. एकदा चिंबोरीच्या नांगीने मांडीशी विजार फाडली, ती सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणली. एकदा टाच गरम लागली, म्हणून आठ दिवस पूजाने जाऊ दिलं नाही, आणि काशीबाई आठ दिवस तिच्याशी मोजकंच बोलली.

पौषात एका संध्याकाळी बायका लवकर परतल्या. काशीबाई तिवरांच्या कडेला एका बिळाशी थांबली होती. पूजा बांधावर बसून होती. पाणी फिरलं होतं, भरती लागली होती, पण अजून वेळ होता. काशीबाईने टोपली सावरली आणि निघाली, तर ती निघालीच नाही. तिने पुन्हा पाय उचलला. वरचं अंग पुढे गेलं, पाय तिथेच. ती बाजूला पडली, हात टेकून उठली, उभी राहिली.

"काय झालं?" पूजाने हाक मारली.

"कायतरी धरलंय. कुठला पाय तेच कळत नाय."

पाणी तिच्या गुडघ्यावर आलं होतं. तिने वाकून पाहिलं, पण हात बुटापर्यंत पोचेना. पुन्हा पडली. या वेळी पाणी पट्ट्यापर्यंत लागलं, पट्ट्याच्या आत शिरलं नाही.

पूजा रोह्याच्या आतल्या बाजूच्या, भाताच्या आणि वालाच्या गावची. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि या चिखलात तिने एकदाही पाय घातला नव्हता. तिने चपला बांधावर काढल्या आणि ओढणी कमरेला बांधून ती उतरली. तिसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत गेली.

"सरळ उचलू नको!" काशीबाई ओरडली. "टाच आधी सोडव! आता आडवा कर. व्हय, तसाच. घाई नको करू."

वीस पावलांना बराच वेळ लागला. पूजा पोचली तेव्हा पाणी काशीबाईच्या मांडीवर होतं. पूजाने श्वास घेतला आणि खांदे पाण्यात घालून हाताने खाली चाचपलं. उजव्या बुटाच्या नाडीच्या फासात तुटक्या जाळ्याचा तुकडा अडकला होता, आणि जाळं खाली तिवराच्या मुळांत रुतलं होतं. ओल्या नाडीची गाठ सुटेना. तिने काशीबाईच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि नाडी कापली. बूट ढिला झाला. दोघी एकमेकींचा दंड धरून परत निघाल्या. शेवटच्या पाच-सहा पावलांत काशीबाईचा बूट चिखलात गेला, तो दोघींनी खणून काढला.

बांधावर पूजा बसली. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं, मधोमध लांब चीर पडली होती. काशीबाईने बाटलीतल्या पाण्याने तळवा धुतला, आत शिंपीचा कण राहिला नाही ना ते पाहिलं, आणि आपल्या डोक्याचा रुमाल फाडून बांधला. पूजाने दात आवळले.

"दुखतंय का गो?"

"लय दुखतंय."

"दुखू दे," काशीबाई म्हणाली आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पूजाने आरोग्य उपकेंद्रात इंजेक्शन घेतलं आणि चार दिवस कारखान्यात गेली नाही. काशीबाईने नवी नाडी आणून तिची टोकं आखूड केली आणि गाठ बांधल्यावर वरून रबरी पट्टी चढवायची असं ठरवलं. पट्टी सायकलच्या जुन्या ट्यूबची होती, आणि ती तिची तिला चढवता येत नव्हती.

दोघी खाडीतून परतल्या त्याच रात्री प्रणित दुसऱ्या शिफ्टवरून आला तेव्हा चिंबोऱ्यांचं कालवण झाकून ठेवलेलं होतं. पूजा पाय उशीवर टाकून झोपली होती. त्याने फडकं पाहिलं.

"हिला काय झालं?"

"खाडीत गेली होती," काशीबाई म्हणाली.

"ही? कशाला?"

"मला आणायला."

प्रणित आणखी काही विचारणार होता. काशीबाईने त्याच्यापुढे ताट सरकवलं आणि भाकरी वाढली.