पाच खण

दौलताबादचा किल्ला समोर दिसतो, अशा वाडीत बद्रीनाथचं पाच खणांचं माळवद होतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. वाडीत घर मोजायचं ते असंच. सागाचे बारा खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीची दुलई. भिंत खचली तरी घर खचू नये, असं लाकडानं लाकडाला धरलेलं.

अशा घरांना हल्ली गिऱ्हाईक फार. शहरातून माणसं येतात, खांबांवर खडूनं आकडे टाकतात आणि आठवड्यात घर सुटं करून ट्रकात भरतात. शेजारच्या कचरूचं घर असंच गेलं.

म्हणून धाकट्या भावाची, सोमनाथची पोरगी तनुजा टेप घेऊन आली आणि तिनं पहिल्या खांबावर खडूनं 'एक' लिहिला, तशी बद्रीनाथच्या मनात पाल चुकचुकली. घर दोघा भावांचं. सोमनाथ शहरात नोकरीला.

"आकडे कशापायी गं?"

"कॉलेजात नकाशा द्यायचाय, मोठे बाबा. पप्पाच म्हणाले, आपलंच घर काढ."

"काढ म्हनला?"

"म्हणजे कागदावर!"

"उभ्या घराला कशाचा आलाय नकाशा? नकाशा बांधायच्या आधी असतोय."

ती माळवदावर चढली की हा शिडीखाली उभा. ती खांबाला हात लावी, हा तिच्या हाताकडं बघे.

"पोरीमागं मांजरावानी काय फिरताव?" चतुराबाई नवऱ्याला हसायची.

तिसऱ्या दिवशी अंगणातून तनुजाचा फोनवरचा आवाज आला. "आई, पाचही खण घेऊन टाक. मोठ्या बाबांना कळू देऊ नको, बोभाटा करतील."

बद्रीनाथनं ओलं फडकं उचललं आणि बाराही खांब पुसून काढले.

"बापाला सांग," ती आत येताच तो कडाडला, "मी हाय तवर यातली एक फळी हलायची नाय! पाच खण पायजेत व्हय?"

"मोठे बाबा, चोळीचे खण. मोठ्या आईसाठी. आई गुलमंडीच्या बाजारात गेलीय घ्यायला."

चतुराबाईनं तोंडाला पदर लावला. "घर राखता राखता माझ्या चोळ्या घालविता का वो?"

"आन् नकाशा?" बद्रीनाथचा आवाज उतरला होता.

"कॉलेजात दाखवून झाला की पप्पांना भिंतीवर लावायचाय."

त्यानं पुसलेल्या खांबाकडं पाहिलं. मग खाली पडलेला खडू उचलला.

"ह्याचा आकडा काय व्हता?"

"एक."

त्यानं 'एक' काढला, अगदी बारीक, खांबाच्या आतल्या अंगाला. मग जाऊन दार लोटून घेतलं.

"काम झालं की लगीच पुसायचे," तो म्हणाला. "रस्त्यानं जानाऱ्याला वाटंल, घर इकायचंय."