लिंबू-मिरचीतून सुटलेली रेकॉर्ड

मित्रांनो, आधीच सांगते, माझं वय झालंय, पण गोड बोलायला मी अजून शिकलेले नाही. मी नॉर्वेतल्या एका ब्लॅक मेटल बँडची दुसरी रेकॉर्ड. ब्लॅक मेटल म्हणजे किंकाळ्या आणि गिटारींचा कल्लोळ; ज्याच्या कानात शिरतो त्यालाच तो कळतो, बाकीच्यांचं डोकं उठतं.

ऐन हिवाळ्यात, एका तळघरात, तिघा तरुणांनी मला घडवलं. मुद्दाम सर्वांत भिकार माइक वापरला. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "खरखर काढून टाकू?" तिघं एका सुरात ओरडले, "हात लावशील तर खबरदार!" तीच खरखर माझा श्वास आहे. पुढे एका समीक्षकानं लिहिलं की हा गोंगाट ऐकण्यापेक्षा गिरणीत जाऊन बसावं. बसा की, कोण अडवतंय!

बरीच वर्षं खोक्यात काढल्यावर जर्मनीतल्या कोलोनच्या जुन्या बाजारात अहिल्याच्या हाती लागले. अहिल्या मेकॅनिकल इंजिनिअर. दिवसभर मीटिंगांमध्ये जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे "हो, हो, अगदी बरोबर", म्हणत मान डोलवायची आणि घरी आली की हेडफोन लावून मला ऐकायची. तेवढा वेळ तिला कुणाशी गोड वागावं लागत नसे. माझ्यावर बोटाचा ठसासुद्धा उमटू द्यायची नाही ती.

मग नव्या घराच्या वास्तुशांतीला तिच्या सासूबाई, शैलाताई, भारतातून आल्या. नवरा सत्यजित म्हणाला, "आई आहे तोवर ते भूत कपाटात ठेव गं." अहिल्यानं मुकाट्यानं ठेवलं. स्वतःच्याच घरात! मला असा संताप आला म्हणून सांगू!

पण सोवळं शोधताना शैलाताईंनी कपाट उघडलं. माझ्या वेष्टनावर पांढराफटक चेहरा आणि काळेभोर डोळे. "अगंबाई! हे काय गं?"

अहिल्या गडबडली. "अहो आई, ते... दृष्ट लागू नये म्हणून आणलंय."

"मग ते कपाटात काय करतंय?" शैलाताईंची कळी खुलली.

पूजेच्या सकाळी त्यांनी मला वेष्टनातून बाहेर काढलं. काळी, गोल, शिवाय मधोमध आयतं भोक! दोऱ्यात सात मिरच्या आणि एक लिंबू ओवलं, दोरा माझ्या भोकातून घेतला आणि निघाल्या दाराकडे. सुईनं लिंबाला छिद्र पडलेलं. रसाचा एक थेंब जरी माझ्या खाचांत उतरला असता, तरी माझा आवाज कायमचा गेला असता. आयुष्यभर भुतासारखी ओरडले मी, आणि आता भुतं पळवायला टांगणार होते मला!

दिवाणखान्यात पाहुणे जमलेले. सत्यजित पुटपुटला, "राहू दे ना, अहिल्या. दुसरी आण."

ते शब्द अहिल्याला मिरचीपेक्षा झोंबले.

"थांबा, आई! मी खोटं बोलले. ती दृष्टीची नाही. माझी आहे. मी रोज ऐकते, आणि मला आवडतं."

तिनं दोरा कापला, मऊ फडक्यानं मला पुसलं आणि सगळ्यांदेखत लावलं. हेडफोनशिवाय. मित्रांनो, मी अशी किंचाळले की गुरुजींच्या हातातली पळी खाली पडली!

शैलाताई पदर सावरत खुर्चीत बसल्या. "काय गं, हा एवढा का ओरडतोय?"

"त्याला राग आलाय, आई."

"कशाचा?"

"ते नाही माहीत. पण मलाही येतो. कुठे काढायचा?"

शैलाताईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. बेचाळीस वर्षं संसार केलेली बाई ती. मग म्हणाल्या, "मलाही येतो गं. वाढव आवाज."

म्हणून मित्रांनो, मला आणि माझ्यासारख्यांना जरूर जपा. उभं ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा. पण पाहुणे आले म्हणून कपाटात कोंडू नका. विचारलं कुणी, तर ताठ मानेनं सांगा, माझी आहे.