गरुड आणि डाळिंबी फेटा

उकंडराव पाटलानं अमडापूरच्या भर बाजारात काठीच्या टोकानं माझं मुंडासं उडवलं, त्या दिवसापासून मला त्याचं डोकं उघडं पाहायचं होतं. जीव नको होता त्याचा. फक्त फेटा जावा, चारचौघांसमोर जावा, आणि लोकांनी हसावं.

चूक त्याचीच होती. आम्ही रंगारी. आल नावाच्या झुडपाच्या मुळीचा डाळिंबी रंग पंचक्रोशीत तो एकटा डोक्यावर मिरवायचा, आणि तो रंग कापडात मुरायला चार दिवस लागतात. तेव्हा वऱ्हाड नुकतंच नागपूरच्या सरकारला जोडलं होतं. नवा तहसीलदार येणार म्हणून पाटलानं पहिल्याच दिवशी फेटा ओला ओढून नेला. मी दोनदा सांगितलं, मुरू द्या. बाजारात घाम आला, रंग उतरला, पाटलाचे कान लाल झाले आणि तहसीलदार हसला. मग पाटलानं मला शोधून काढलं. माझं मुंडासं चिखलात पडलं तेव्हा भोवती शे-दोनशे माणसं होती. एकानंही ते उचललं नाही.

माझी बायको गुलनार म्हणाली, सोडून द्या. मी सोडणाऱ्यातला नाही.

आमच्या रंगाच्या हौदामागं, नाल्याच्या काठी सादड्याचं एक उंच झाड होतं. त्यावर गरुडाचं घरटं. त्या हिवाळ्यात एकच पिल्लू निघालं, पिंजलेल्या कापसासारखं. एक दिवस मादी गेली ती परत आलीच नाही. नर एकटा पुरा पडेना. पिल्लू दिवसभर भुकेनं ओरडायचं. ते ऐकता ऐकताच मला सुचलं.

दोर लावून मी झाडावर चढलो आणि डाळिंबी चिंधीत कोंबडीची आतडी गुंडाळून घरट्याच्या कडेला ठेवली. नर सुरुवातीला अंगावर आला, एकदा खांदा फाडला त्यानं, नंतर त्यानंही नाद सोडला. पंधरा दिवसांत पिल्लू मला आणि चिंधीला पाहूनच चोच उघडू लागलं. मी त्याच्यावर माया करत होतो असं कुणी समजू नये. सुरीला धार लावतात, तशी मी त्याला लावत होतो.

पिसं फुटली. ते काठावर उभं राहून पंख झाडायचं, हातभर उंच उठायचं आणि घाबरून पुन्हा काटक्या धरायचं. मग मी वर चढणंच बंद केलं. हौदाजवळ खांब रोवला, त्यावर मडकं पालथं घातलं, मडक्याला डाळिंबी फेटा बांधला, घडीत मांस खोचलं आणि शेजारी उभा राहिलो. दोन दिवस ते वरूनच बोंबललं. तिसऱ्या दिवशी त्यानं घरटं सोडलं. धडपडलं, पण उतरलं. महिनाभरात ते सरळ झेप घ्यायचं आणि एका हिसक्यात फेटा सोडवायचं.

गुलनारनं ते पाहिलं. "हे कोणाच्या डोक्यासाठी करून राह्यले, मले समजते," ती म्हणाली. "पण मडक्याले डोळे नसतेत."

मी तिला गप्प बसवलं. खरं सांगायचं तर डोळ्यांचा विचार मी केला होता, आणि मला वाईट वाटलं नव्हतं.

वैशाखात पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. त्यानं दोन फेटे डाळिंबी रंगवायला पाठवले आणि निरोप दिला, घाई नाही, चांगले मुरू दे. एक त्याचा, दुसरा जावयाचा, असं मी धरून चाललो. वरात मारुतीला जाताना आमच्या हौदावरूनच जाणार होती. दोन दिवस आधी मी गरुडाचं खाणं तोडलं.

वरात आली. पाटलानं हात वर करून वाजंत्री थांबवली आणि तो एकटा माझ्यासमोर आला. नवरदेवाच्या डोक्याला पिवळा फेटा होता. दुसरा डाळिंबी पाटलाच्या हातात होता. लेकीच्या लग्नात गावातल्या कारागिराला फेटा बांधायची रीत आहे. ती मला ठाऊक होती, फक्त स्वतःसाठी कधी आठवली नव्हती.

"वाहेद, बाजारात मी तुयं मुंडासं पाडलं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गल्ती माही होती. आज साऱ्यांसमोर बांधतो."

नको म्हणायला हवं होतं. पण सारं गाव बघत होतं, आणि लाज सोडून सांगतो, मला बरं वाटत होतं. मी मान खाली घातली. त्यानं शेवटचा पदर खोचला आणि सादड्यावर पंख वाजले.

पाटलाच्या फेट्याकडे गरुडाच्या पिल्लानं ढुंकूनही पाहिलं नाही. पाटलाच्या हातून ते कधी जेवलंच नव्हतं. त्याच्या ओळखीचा माणूस मी होतो.

एक पंजा फेट्यात रुतला आणि दुसरा माझ्या तोंडावर. मी ओरडलो. पाटलानं काठी घातली, तीच काठी, दोनदा. दीड-दोन महिन्यांपूर्वी घरटं सोडलेला तो गरुड हौदाच्या दगडावर मान टाकून पडला. मग पाटलानं स्वतःचा फेटा ओढून काढला आणि माझ्या तोंडाला गुंडाळू लागला. "हालू नोको, बे," तो म्हणत होता.

उकंडराव पाटील साऱ्या गावासमोर उघड्या डोक्यानं उभा होता. मी ते पाहिलं, उरलेल्या एका डोळ्यानं. कुणीही हसत नव्हतं.