गुडवेगचा आठवा सहा

तीस शब्द आणि एक फासा. किनारपट्टीच्या एका दैनिकात समीक्षक गुडवेग तेंगेस्दाल गेली एकतीस वर्षं प्रत्येक सिनेमाला एवढंच देत आली होती. शब्द कुणी वाचत नाही, सगळे छापलेल्या फाशावरचे ठिपके मोजतात, एक म्हणजे टाकाऊ, सहा म्हणजे उत्तम, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. एक पडला तर लोक गंमत म्हणून तरी जातात. चार पडला की सिनेमा मेला. चारच्या सिनेमासाठी कुणी घरचा सोफा सोडत नाही. आणि सहाच्या बाबतीत गुडवेगचा हात इतका आखडता की आजवर तिने तो फक्त सात वेळा दिला होता. भुताखेतांचे सिनेमे, लढाईचे, रडक्या प्रेमाचे, बर्फात हरवलेल्या कुत्र्यांचे, सगळ्यांना तिचा एकच तराजू. सिनेमावाले तिला मागून ‘खडूस म्हातारी’ म्हणत आणि तिच्याच सहासाठी झुरत.

काल तिने आठवा सहा दिला होता.

एगेरसुंडच्या चित्रपट सप्ताहाचा तो तिसरा दिवस. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात सकाळी नऊ वाजता ती वॉफलवर तपकिरी चीज घालून खात बसली होती. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर ‘ओहोटीची काठी’ या सिनेमाची जाहिरात लावलेली, आणि तिच्यावर एका रात्रीत चिकटवलेला भलामोठा फासा, सहा ठिपक्यांचा, खाली गुडवेगचं नाव. तिला बरं वाटत होतं. खडूस माणसालाही कौतुक करून झालं की बरं वाटतं.

तेवढ्यात एक पोरगेली बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. लोकरी स्वेटर, डोळ्यांखाली काळं. ती ओदनी लेर्विक, सिनेमाची दिग्दर्शिका. हा तिचा पहिलाच सिनेमा.

“आभार मानायला आली असशील तर बस,” गुडवेग म्हणाली. “पण मी कुणावर उपकार म्हणून फासा टाकत नाही.”

“आभार नाही.” ओदनी बसली नाही. “तू लिहिलंयस, सिनेमा अर्ध्यावर कसलीही सूचना न देता बेटावरून उठतो आणि परदेशातल्या मासळीच्या कारखान्यात जातो. तीच मुलगी चाळीस वर्षांनी म्हातारी होऊन डबे भरताना दिसते.”

“हो. एवढी हिंमत आपल्याकडे कुणी केली नव्हती.”

“मीही केलेली नाही. माझ्या सिनेमात कारखाना नाही, गुडवेग. म्हातारीही नाही. सगळा सिनेमा बेटावरच आहे.”

गुडवेगच्या हातातला काटा तसाच राहिला. काल सकाळी आठपासून तिने सिनेमे पाहिले होते, अंधारात, एकामागून एक. समीक्षकांसाठीचे खेळ उशिरा चालले होते म्हणून आयोजकांनी मधे दिवे न लावता पुढचा सिनेमा सरळ सुरू केला होता, आणि तोही तिच्या यादीतला नव्हता, आज दाखवायचा होता तो कालच घुसवलेला. तिची मान कलंडली असणार. किती वेळ? वीस मिनिटं? तास? जाग आली तेव्हा पडद्यावर कारखाना होता आणि एका म्हातारीचे सुजलेले हात होते, आणि तिला वाटलं होतं, अरे वा, काय उडी मारलीय या पोरीने! शेवटची नावं यायच्या आत ती लिहायला उठली होती. तिने दोन सिनेमे शिवून एक केला होता आणि त्या शिवणीवर फिदा होऊन सहा देऊन टाकला होता.

एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि ही चूक अशी की शाळकरी पोरानेही हसावं.

“आजच दुरुस्ती देते,” ती म्हणाली.

“तेच देऊ नकोस म्हणून सांगायला आलेय!” आता ओदनी बसली. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. “चार वाजता हॉटेलात स्टाइनुल्फ करारावर सही करतोय. देशभर तीस चित्रपटगृहं. परवापर्यंत तो वितरक माझा फोनही उचलत नव्हता. तुझा सहा आला आणि त्याने स्वतःहून बोलावलं. सहा वर्षं लागली मला हा सिनेमा करायला. ते तीस शब्द कुणी वाचलेले नाहीत. फक्त मी वाचलेत आणि तुला माहीत आहेत. गप्प बसायचंय फक्त.”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“तू काल खोटं बोललीसच की. मी फक्त म्हणतेय, आज खरं बोलू नकोस.”

गुडवेगने ताटली बाजूला सारली. ती म्हणाली, “बारा वाजता लोकांसाठी खेळ आहे ना? मला तो बघू दे. कदाचित तो सहाचाच असेल. मग प्रश्नच मिटला.”

ओदनीने टेबलाची कड सोडली आणि ती उठून निघून गेली. त्या निघून जाण्याचा अर्थ गुडवेगला तेव्हा लागला नाही.

बारा वाजता गुडवेग शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्चीत बसायची तिची छाती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या सिनेमापुढे भीक मागत होती. चांगला हो रे बाबा. चांगला हो.

आणि सुरुवात चांगली होतीच. बेटावरचा बाप रोज ओहोटीला धक्क्यावर काठी लावून पाणी किती उतरलं ते कोरतो. मुलीला मुख्य भूमीवर शिकायला जायचंय. बाप एका सकाळी होडी लपवतो. लपवताना तो होडीवर ताडपत्री अशा मायेने पसरतो की गुडवेग भिंतीपासून पुढे सरकली. पाच, ती मनात म्हणाली. अजून वर जाईल. मग सिनेमा थांबला. म्हणजे चालू होता, पण मुलगी समुद्राकडे बघत होती, बाप मुलीकडे बघत होता आणि दिग्दर्शिकेला आता काय करायचं ते सुचत नव्हतं. पंचवीस मिनिटं. पुढच्या रांगेत कुणीतरी फोन काढून वेळ बघितली. शेवट पुन्हा नेटका, पण तोवर हातातून निसटलेलं परत आलं नाही. गुडवेगने स्वतःशी बरीच घासाघीस केली. पाच म्हणून बघितलं, पण ते टिकेना. पहिला सिनेमा म्हणून, पोरगी मेहनती म्हणून, आपली लाज झाकावी म्हणून. कशानेही चारच्या पुढे तो जाईना. दोन असता तरी बरं झालं असतं. दोनवर भांडता येतं.

बाहेर येऊन तिने संपादकाला, हालवर्डला, फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “हे अजून कुणाला माहितीय?”

“दिग्दर्शिकेला.”

“ती बोलणार आहे?”

“नाही.”

“मग तुला कसली खाज आलीय, गुडवेग? व्यवस्थापन दोन वर्षं तुझं पान बंद करायला टपलंय. ओस्लोच्या पेपरांकडून तयार परीक्षणं फाशांसकट विकत घ्या म्हणतात, स्वस्तात पडतात. मी तुझं नाव पुढे करून त्यांना थोपवून धरलंय. ‘आमची समीक्षक झोपली होती’ असं छापलं की सोमवारी तुझं पान गेलं, आणि तू पण.”

“मी सिनेमा बघितला नव्हता, हालवर्ड.”

“आता बघितलास ना? झालं तर. जा, काहीतरी खाऊन घे.” त्याने फोन ठेवला.

ती धक्क्यावर फेऱ्या मारत राहिली. गप्प बसलं तर पान वाचतं, पोरीचा सिनेमा वाचतो, कुणाचंच बिघडत नाही. तोंड उघडलं तर दोन बायका बुडतात. इतका सोपा हिशेब आणि तरी तिचे पाय हॉटेलकडे वळले. तिथं जाऊन काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पावणेचार झाले होते.

हॉटेलच्या दर्शनी दालनात स्टाइनुल्फ बसला होता, गोल चेहऱ्याचा, सगळ्यांशी गळ्यात गळा घालून बोलणारा. समोर कागद, शेजारी ओदनी. गुडवेगला बघताच ओदनीच्या तोंडचं पाणी पळालं.

“ये ये! जिच्यामुळे हे सगळं चाललंय ती बाई!” स्टाइनुल्फने खुर्ची ओढली. “खरं सांगू? मी हा सिनेमा अजून पाहिलेला नाही. आठवड्यात चाळीस सिनेमे, डोळे दोन. पण तू पाहिलास म्हणजे मीच पाहिला. आठवा सहा! आणि बरं का, मी तुझे शब्दही वाचले. सगळे नुसता फासा बघतात, मी वाचतो.”

गुडवेग पुढे केलेल्या खुर्चीत बसलीच नाही.

“तो कारखाना!” तो ओदनीकडे वळला. “अगं, त्या कारखान्यावरच मी जर्मनीला विकणार आहे. कुठं चित्रित केलास? आणि ती म्हातारी कोण, खरी कामगार की नटी?”

ओदनीने गुडवेगकडे बघितलं नाही. “खरी कामगार,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. “आम्ही... तो भाग जरा लहान केलाय आता. शेवटच्या प्रतीत.”

“लहान केलास? कशाला? उलट वाढव!”

“वाढवता येईल. थोडं चित्रण शिल्लक आहे.”

पोरीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ती लेखणी हातात घेऊन एकामागून एक थापा मारत होती, आणि प्रत्येक थाप गुडवेगची होती. हे मात्र गुडवेगला बघवेना.

“स्टाइनुल्फ, थांब,” ती म्हणाली. “कारखाना नाहीये. कधी नव्हताच. मी झोपले होते. जाग आली तेव्हा दुसराच सिनेमा चालू होता. या पोरीचा काही दोष नाही, ती माझी लाज झाकतेय.”

स्टाइनुल्फ हसला, मग दोघींचे चेहरे बघून थांबला. त्याने कागद गोळा केले, अगदी सावकाश. “संध्याकाळी बघतो हं मी सिनेमा,” तो ओदनीला म्हणाला. “बघून कळवतो.” या धंद्यात त्या वाक्याचा काय अर्थ होतो ते तिघांनाही ठाऊक होतं. तो गेला.

“खूश?” ओदनी उठली. “स्वच्छ झालीस? माझ्या सहा वर्षांनी हात धुतलेस आणि स्वच्छ झालीस!”

“हो,” गुडवेग म्हणाली. “तसंच झालंय. मला माफ कर असं म्हणायचीही सोय नाही.”

ओदनी दारापर्यंत गेली. काचेच्या दारावर हात ठेवून उभी राहिली, आणि परत आली.

“आज बघितलास ना? उभी राहून?”

“हो.”

“किती?”

गुडवेगला वाटलं, आता तरी खोटं बोलावं. ऐकणारं दुसरं कुणी नाही, एका पोरीला तेवढंच घेऊन घरी जाता येईल. “चार,” ती म्हणाली.

“का?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. लोकांनी शिव्या दिल्या होत्या, फुलं पाठवली होती. तिने तीस शब्द जुळवायला सुरुवात केली, मग ते सोडून दिले. “त्याने होडीवर ताडपत्री घातली ना, तिथवर मी तुझी होते. सगळीच्या सगळी. मग तू घाबरलीस. ती मुलगी बापावर चिडायला हवी होती, आणि तुला तिला चिडू द्यायचं नव्हतं. म्हणून तू तिला समुद्राकडे बघत बसवलंस. पंचवीस मिनिटं.”

ओदनी खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती पुसत नव्हती.

“मला माहितीय,” ती म्हणाली. “काल मी तुझ्याच मागच्या रांगेत बसले होते, लपून. ताडपत्री घालेपर्यंत तू खुर्चीच्या टोकावर होतीस. मग तो समुद्र आला आणि तुझी मान कलंडली. मी तुला उठवणार होते.”

“मग का नाही उठवलंस?”

“उठून तू काय बघितलं असतंस?”