गाजरगवत तेवढं काढा

दोघी जावा बांधावर उभ्या राहून भांडत होत्या, आणि भांडण एका शब्दावरून होतं. थोरली म्हणत होती, तू त्यांना काय सांगितलंस ते अक्षरन् अक्षर सांग. धाकटी म्हणत होती, तुम्ही मला जे सांगितलंत तेच मी त्यांना सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. समोर थोरलीचं गाजराचं शेत होतं. म्हणजे सकाळपर्यंत तरी ते गाजराचं होतं. आता त्यात गाजराचं रोप औषधालासुद्धा उरलं नव्हतं.

झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी गावाजवळच्या फाट्यावर ते मोठं दुकान आलं. मोठं म्हणजे किती, तर या टोकाला मीठ घेऊन त्या टोकाला साबण घ्यायला निघालं, तर म्हाताऱ्या माणसाला मधे एकदा बसावं लागायचं. दुकान आलं तसा आठवड्याचा बाजार मोडला आणि गावचं गाजर दुकानाच्या दारात जाऊन उभं राहिलं. थोरलीचा नवरा दुकानाच्या मालट्रकवर ड्रायव्हर लागला. मग एक दिवस दुकानानं जाहीर केलं की आम्ही हे गाव दत्तक घेतलंय. खोटं कशाला बोला, दिलंही त्यांनी. शाळेतल्या पोरांना वह्या दिल्या, म्हाताऱ्यांना चष्मे दिले, थोरलीची सासू त्या चष्म्यानं आता सुईत दोरा ओवते. शाळेचं छप्पर बदलून द्यायचंही कबूल केलं होतं. पण दत्तक गेलेल्या पोरानं नाक पुसून, केस विंचरून उभं राहायचं असतं, तसं गावालाही मग उभं राहावं लागलं.

त्यातूनच हा श्रमदानाचा दिवस निघाला. दुकानातली साठ माणसं एका रंगाचे सदरे घालून आली. सगळी म्हणे स्वेच्छेनं आली होती, पण गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांची हजेरी घेतली गेली. त्यांची पुढारीण एक तरुण मुलगी होती, उन्हाची टोपी कधी काढायची नाही म्हणून गाव तिला टोपीवाली म्हणायचं. पोरगी गुणाची, पण शहरातली. कोथिंबीर जुडीतच उगवते, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती. त्या दिवशी शेताच्या मालकिणीला सुट्टी, तिनं कामाला हात लावायचा नाही, असं टोपीवालीनं ठरवलं आणि थोरलीला शाळेत नेऊन खुर्चीवर बसवलं. थोरलीचा जीव शेतात. गाजर तीन आठवड्यांचं, दोऱ्यासारखं बारीक, आणि मधूनमधून गाजरगवत फोफावलेलं. गाजरगवत म्हणजे नावातच काय ते गाजर, एरवी खाज आणणारं, दमा उठवणारं तण. एकदा बी धरलं की दहा वर्षं शेत सोडत नाही. जाताना तिनं धाकटीला बजावलं होतं की त्यांना नीट सांग.

धाकटी साठ माणसांच्या चहाला बसली होती. चुलीपाशी बसल्या बसल्याच तिनं टोपीवालीला सांगितलं, "गाजरगवत तेवढं काढा."

टोपीवालीनं त्या एका शब्दाचे दोन केले. गाजर ठेवायचं, गवत तेवढं काढायचं. शेतात गवतासारखं दिसत होतं ते दोऱ्यासारखं गाजर. चांगलं रुंद पानांचं, झोकात वाढलेलं होतं ते तण. तरीही पोरीनं खात्री करून घेतली, नाही असं नाही. त्या रुंद पानाचा फोटो काढून फोनला विचारलं. फोननं नाव सांगितलं, गाजरगवत. त्यातलं गाजर वाचून तिचं समाधान झालं, आणि साठ माणसांनी संध्याकाळपर्यंत मान मोडून शेतातलं सगळं गाजर उपटलं.

थोरली हे बघून तरातरा निघाली ती टोपीवालीला जाब विचारायलाच. पण ती पोरगीच समोरून पळत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहातांना फोड, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. थोरलीचे हात धरून म्हणाली, "काकू, एक काडी ठेवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मातीत हात घातला मी." थोरलीच्या तोंडात आलेलं तोंडातच राहिलं. ते फोड बघून तिला कसंसंच झालं. उद्या सांगू म्हणाली, आणि तिथंच फसली.

कारण दुसऱ्या दिवशी बांधावर पाटी लागली. दुकानानं दत्तक घेतलेलं शेत, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं. महिनाअखेरीला दुकानाचे मोठे साहेब हे शेत बघायला येणार, तोवर कुणी त्याला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा दर शनिवारी आमची माणसं घालतील, असं टोपीवाली सांगून गेली. थोरलीनं नवऱ्याला म्हटलं, आता तरी बोलू या. नवरा बराच वेळ पायातला काटा काढत बसला. मग म्हणाला, "गाडी त्यांची, गाजर घेणारे ते, आणि त्यांना सांगायचं की तुमच्या साठ माणसांना गाजर कळत नाही? तू गप्प बस." संध्याकाळी शाळेचे मास्तर आले. त्यांनी हात जोडले नाहीत एवढंच. साहेबांची सही झाली की छपराचे पत्रे येणार होते. पावसात पोरं दप्तर डोक्यावर धरून बसतात हे थोरलीला माहीत होतं, तिनंच दोन पोरं त्या शाळेत वाढवली होती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बाई आपल्या हातानं कसलेल्या जमिनीत पाहुण्यासारखी उभी राहायची आणि शनिवारी साठ माणसं झारीनं तणाला पाणी घालायची. इतकं लाडावलेलं गाजरगवत कुणी पाहिलं नसेल. ते गुडघ्याला लागलं, मग मांडीला. सासूला रात्रंदिवस धाप लागायला लागली. धाकटी आपली चूक नव्हती हे पटवून देता देता थकली आणि एक दिवस रडून मोकळी झाली. थोरली तिला म्हणाली, "तुझी चूक नाही गं. तणाला असलं नाव ठेवणाऱ्याची चूक आहे." तेवढ्यात मोठ्या साहेबांना कुठंतरी जायचं निघालं आणि त्यांचं येणं दहा दिवसांनी पुढं गेलं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं.

दहा दिवस म्हणजे फूल. पांढरे कळे दिसायला लागले तसा शेजारच्या शेताचा मालक, नात्यानं तिचा चुलत दीर, बांधावर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "वहिनी, याचं बी माझ्या वाफ्यात आलं, तर आपलं नातं संपलं." त्याचं चुकत होतं असं तिलाही वाटलं नाही. मग ती रोज उजाडायच्या आत शेतात जायला लागली. आपल्याच शेतात, चोरासारखी वाकून, एकेका झाडाचा कळा नखानं खुडायची आणि ओच्यात भरून खड्ड्यात पुरायची. हात कोपरापर्यंत सुजले, बोटांवर पुरळ उठलं, भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटच्या दोन दिवसांत खुडायला ती एकटी पुरेना. अजून आठवडा गेला की बी झडणार, आणि मग हे शेत तिच्या हयातीत तरी स्वच्छ होणार नाही, हे तिला उघड दिसत होतं.

साहेब आले. भला माणूस, बूट काढून शेतात उतरला. मागं सदरेवाली साठ माणसं, पुढं फोटोवाला, बाजूला मास्तर घाम पुसत. साहेबांनी हिरव्यागार शेताकडं बघून टोपीवालीची पाठ थोपटली आणि सगळ्यांना सांगितलं की दान म्हणजे नुसते पैसे नव्हेत, दान म्हणजे हात. टाळ्या झाल्या. फोटो झाले. आता सगळे चहाला निघणार, तेवढ्यात थोरली पुढं झाली. नवऱ्यानं लांबून डोळे वटारले. तिनं तिकडं बघितलंच नाही.

"साहेब," ती म्हणाली, "ज्यानं राखलं त्यानंच काढायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आजचा दिवस काढणीचा आहे. तुमच्या हातानं सुरुवात व्हावी."

असली रीत त्या गावात कधी कुणी ऐकली नव्हती. पण मास्तर पटकन म्हणाले, हो हो, फार जुनी रीत. चुलत दीरानंही मान हलवली, म्हणाला, आमचे आजोबा फार मानायचे. थोरलीनं सगळ्यांना आधी हातमोजे घालायला लावले. गाजराचा पाला अंगाला खाजतो, असं सांगितलं. मुळासकट ओढा, तुटू देऊ नका, असं दहादा बजावलं. आणि साहेबासकट साठ माणसं वाकली. थोरली ओळीओळीतून फिरत होती, राहिलेलं दाखवत होती. ते उपटलं की मुळाला लागून वर येणारी मोकळी माती बघून तिला दीड महिन्यात पहिल्यांदा पुरता श्वास आला.

निम्मं शेत झाल्यावर साहेब थांबले. हातातल्या झाडाचं मूळ त्यांनी उलटसुलट करून बघितलं. सुतळीएवढं पांढरं मूळ. त्यांनी विचारलं, यात गाजर कुठाय?

टोपीवालीनं थोरलीकडं बघितलं. मास्तरांनी जमिनीकडं.

"लागलंच नाही, साहेब," थोरली म्हणाली. "माझंच चुकलं. पेरताना माझा हात चुकला."

तीस वर्षं गाजर पिकवणाऱ्या बाईनं हे शब्द कसे उच्चारले असतील ते तिचं तिला माहीत. साहेबांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिला धीर दिला, निराश व्हायचं नाही म्हणाले, आणि तिथल्या तिथं जाहीर केलं की दर सोमवारी शाळेत गाजर-लागवडीचा वर्ग भरेल, दुकानाच्या खर्चानं. शिकवणार टोपीवाली, आणि पहिल्या बाकावर या काकू. पुन्हा टाळ्या झाल्या. उरलेलं शेत अंधार पडायच्या आत साफ झालं, आणि छपराच्या कागदावर साहेबांची सही त्याच दिवशी झाली. थोरलीनं दुसऱ्या दिवशी नांगरट केली आणि उशिराचं का होईना, गाजर पेरलं.

तिसऱ्या सोमवारी टोपीवालीनं दारातच आनंदाची बातमी दिली. काकूंचं नवं पीक उगवलंय ना, मग येत्या शनिवारी आम्ही साठजण खुरपायला येतो. वर्गात अजून कुणी आलं नव्हतं. भिंतीवर मोठा फोटो लावला होता, हिरवंगार शेत आणि त्यात हसणारी माणसं. थोरली फोटोपाशी गेली आणि त्यातल्या पानावर बोट ठेवलं.

"बाई, हे गाजर नव्हे. गाजरगवत म्हणजे एका तणाचं नाव आहे, एकच शब्द. गाजर होतं ते तुम्ही पहिल्याच दिवशी उपटलंत. आता पुन्हा उगवलंय. तेवढं राहू द्या."

टोपीवालीनं टोपी काढली. गावात पहिल्यांदाच काढली असेल. फोटोकडं बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. तिला साहेबांनी हातात धरलेलं मूळ आठवलं असावं, आणि काकू काय बोलल्या होत्या तेही. बाकावर बसून ती खालच्या आवाजात म्हणाली, हाच फोटो दुकानाच्या दारावर लागलाय, माणसापेक्षा उंच. खाली माझं नाव आहे, आणि त्यामुळंच मला बढती मिळाली. घरी वडील अंथरुणाला आहेत, काकू. टोपीची कड ती बोटांत फिरवत राहिली.

"शनिवारचं मी रद्द करते," ती शेवटी म्हणाली. "शाळेच्या भिंती रंगवू. तुमच्या शेताला कुणी हात लावणार नाही. पण काकू..."

त्या 'पण'च्या पुढचं थोरलीला कळलं. या पोरीलाही बोलायची सोय राहिलेली नाही हे कळलं, आणि राग यायच्या ऐवजी तिला तिची दयाच आली. बाहेर चपला वाजल्या. धाकटी आली, मास्तर आले, गावातल्या दहाबारा बाया येऊन बाकांवर बसल्या. टोपीवालीनं टोपी चढवली, छडी घेतली आणि फोटोवर टेकवली. विचारलं सगळ्यांना, पण बघत होती एकीकडंच.

"सांगा बरं, हे कशाचं पीक?"

बायांनी तोंडावर हात धरले. मास्तर खिडकीबाहेर, अंगणात येऊन पडलेल्या नव्या पत्र्यांकडं बघायला लागले. थोरली पहिल्या बाकावरून उठून उभी राहिली. तिकडं शेतात दोऱ्याएवढं गाजर ओळीनं वर येत होतं, सकाळीच ती बघून आली होती.

"गाजराचं, बाई," ती म्हणाली.

टोपीवालीनं खडू उचलला आणि फळ्यावर तसं लिहिलं, आणि थोरलीनं ते वहीत उतरवून घेतलं.